फुकटची काच, पाच तारे

आर्णीच्या शिवारात हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की गावात एकच प्रश्न फिरतो. चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याचा हात अडवूनसुद्धा माणसं विचारतात, "लाईन आली का?" लाईन म्हणजे शेतातल्या मोटारीची वीज. ती एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि वीज कंपनीच्या कागदावर छापलेल्या वेळेशी तिची कधी ओळखच झालेली नाही. माणूस सायकल मारत शेतात पोचतो तर लाईन नाही. कंटाळून घरी येतो तर शेजारचा सांगतो, "अबे, तू गेला अन् आली."

अतिया हा प्रश्न अक्षरशः पायरीवर बसून शिकली होती. तिचे अब्बा रिजवानभाई बाजाररोडवर जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. म्हणजे आतली करपलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. दुकानाच्या पायरीवर अतियाचा अभ्यास चालायचा आणि डोक्यावरून "लाईन आली का?" जायचं. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं व्हिडिओ बघून बघून एक ॲपच बनवलं. त्याचं नाव "लाईन आली". काम अगदी साधं होतं. शेतात ज्याला लाईन दिसेल त्यानं ॲपमधला बल्ब दाबायचा. की त्या पट्ट्यातल्या सगळ्यांच्या फोनमधून आवाज, "लाईन आली होऽऽ!" आणि खाली बल्ब दाबणाऱ्याचं नाव.

हा आवाज अतियाचा स्वतःचा होता. गंमत तीच तर होती. नववीच्या वर्गात जिची हजेरी पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हती, जिला बाई "अगं, आहेस की नाहीस?" असं विचारायच्या, ती पोरगी आता बैलगाडीतून, धोतराच्या कमरेतून, तूर सोंगणाऱ्या बायांच्या ब्लाऊजमधून ओरडत होती. आवाज भरताना ती दुकानामागं, घराच्या टिनाच्या शेडमध्ये एवढ्या जोरानं ओरडली होती, की सुग्राबी दादी हातात पीठ घेऊन धावत आली, "या अल्ला, किसको क्या हुआ?" त्यानंतर अतियाचा वर्गातला आवाजही आपोआप मोठा झाला. इतका, की बाई आता म्हणायच्या, "अतिया, जरा हळू."

बल्ब दाबण्यात विमलताईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आर्णीच्या पार त्या टोकाला त्यांचं शेत, आणि ताई उजाडल्यापासून शेतातच. लाईन आल्याबरोबर दाबलाच बल्ब. "लाईन आली होऽऽ! बल्ब: विमलताई." लोक त्यांना हाकच मारायला लागले होते, "काय व पहिला बल्ब, कुठं चालल्या?"

आणि याच विमलताईंच्या मुलानं, कपिलनं, दिवाळीनंतर "लाईन किंग" काढलं.

कपिलचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान होतं. गावातले अर्धे फोन त्याच्याच हातून गेलेले. त्याच्या ॲपवर सोन्याचा मुकुट होता, पण आत फक्त तो छापील कागद भरलेला. कागदावर जी वेळ, त्या वेळेला घंटी. लाईन असो की नसो. आणि घंटी वाजायच्या आधी एक जाहिरात यायची, त्यात एक बाई पत्ते खेळायला बोलवायची. एवढं असून ॲपच्या ऑनलाईन दुकानात "लाईन" लिहिलं की लाईन किंग सगळ्यात वर, पाच ताऱ्यांनी लखलखत. खाली लोकांचे अभिप्राय, सगळे इंग्रजीतले: "बेस्ट ॲप इन इंडिया. सुपर. आय लव्ह लाईन किंग."

अतियाचं ॲप मात्र घसरायला लागलं. रोज दात घासायच्या आधी ती तारे बघायची, आणि रोज एखादा तारा अर्धा झालेला. नवीन माणसं येईनाशी झाली. जुनी म्हणायची, "पोरी, तुह्या ॲपले तर सारे बकवास म्हणून राह्यले. आम्ही तो मुकुटवाला टाकला." मग ती माणसं कागदाच्या वेळेला शेतात जाऊन, त्या पत्तेवाल्या बाईचं तोंड बघून परत यायची.

एक दिवस शाळेत निघताना तिनं बघितलं, अजून एक तारा, एकच. लिहिलं होतं, "वर्स्ट ॲप. वेस्ट ऑफ टाईम. यूज लाईन किंग." नाव होतं बबनराव.

बबनराव म्हणजे खुशीचे बाबा. खुशी म्हणजे पहिलीपासूनची मैत्रीण, जिच्या डब्यातली मिरचीची भाजी अतियाची आणि अतियाच्या डब्यातला शिरा तिचा, असा करारच होता. आणि बबनकाका तर परवाच भर रस्त्यात म्हणाले होते, "तुह्या आवाजानं माहा हरभरा वाचला पोरी."

अतियाला चालता चालता रडू आलं, आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याचा राग झाला.

"खुशे, तुह्या बाबानं मले एक तारा देल्ला."

"हॅट! माह्या बाबाले तारा फक्त कुंपणाच्या माहीत आहेत."

"नाव त्याईचंच आहे. अन् इंग्रजीत आहे. तुमच्या घरात इंग्रजी कोणाले येते?"

खुशीनं इकडंतिकडं बघितलं, जणू घरातलं आणखी कुणी इंग्रजीवालं तिथून जातंय का. मग तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "म्हणजे मी लिहिलं म्हणतं तू?"

"मंग कोणं? तुमच्या म्हशीनं?"

"म्हशीचं नाव घेऊ नको!"

"घेईन! हजारदा घेईन!"

त्या दिवशी मिरचीची भाजी मिरचीच्या डब्यात राहिली आणि शिरा शिऱ्याच्या. खुशी पहिल्यांदाच दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत एकदाही मागं वळली नाही. अतियानं तिच्या वेणीकडं बघत बघत ठरवून टाकलं. जे ॲप ज्यांच्यासाठी बनवलं त्यांनाच ते नको, आणि ज्याच्यापायी खुशी गेली, ते ठेवायचं तरी कायले? आज घरी जायचं आणि काढून टाकायचं.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तिनं काढून टाकायचं बटण शोधलंही. बोट वर धरलं. पण आपल्याला काय काय शिव्या पडल्यात त्या शेवटच्या एकदा तरी पूर्ण वाचाव्यात, असं तिला वाटलं. रडायचंच तर पोटभर. ती एक एक वाचत खाली गेली. वर्स्ट ॲप. वेस्ट ऑफ टाईम. भुरीबाई. हंसाबाई. मोहिउद्दीन चाचा. विमलताईसुद्धा! जी बाई रोज पहिला बल्ब दाबते तिचाही एकच तारा. आणि त्याच्या खाली,

"वर्स्ट ॲप. डेव्हलपर इज फ्रॉड. — सुग्राबी."

अतियानं नाव दोनदा वाचलं. आत डोकावून पाहिलं. सुग्राबी दादी चष्मा कपाळावर सरकवून लसूण सोलत होती.

आणि अतियाच्या डोक्यात सकाळचं स्वतःचंच वाक्य घंटी वाजवल्यासारखं वाजलं. तुमच्या घरात इंग्रजी कोणाले येते?

तिच्या घरात इंग्रजी येणारी एकच होती. ती पायरीवर बसली होती.

"दादी, तुमने मेरेकू फ्रॉड बोला?"

"क्या बोली मैं?"

"फ्रॉड. मतलब चोर, लबाड."

"तौबा! मैं तेरेकू आळशी बोली, बिगडैल बोली, परसों गधी बोली, वो मैं मानती. ये वाला लफ्ज तो मेरेकू आताच नै!"

"तुह्या फोनात आहे ना पण. तुहा फोन कोणी घेतलता?"

"मेरा फोन? कौन लेगा?" दादीनं लसणाची पाकळी हवेत धरून विचार केला. "वो कपिल ने काच लगाया ना. मुफ्त में. बोला, दादी, बैठो, चाय पिओ, मैं काच लगाता. भोत अच्छा लडका."

"काच लावायले किती वेळ लागला?"

"चाय पी ली, फिर बिस्कुट खा ली. फिर भी घिसताच था बिचारा."

अतिया उठली ती चपला घालायचंही विसरली. कपिलच्या दुकानावरचा फलक सगळ्या गावानं वाचला होता: स्क्रीनवरची काच फुकट, फोन घेऊन या. सगळं गाव गेलं होतं. काचेला फोन दिला म्हणजे उघडूनच दिला. इथं लोक दुकानदाराला फोन देताना लॉकचा आकडाही मोठ्यानं सांगतात आणि वर म्हणतात, "पाह्य बाप्पा काय पाह्यचं ते." कपिलनं पाह्यलं. लाईन किंगला पाच तारे, लाईन आलीला एक, वर काच, आणि चहाही पाजला.

खुशीच्या अंगणात ती पोचली तेव्हा खुशी म्हशीला पेंड घालत होती.

"खुशे, मी गधी."

खुशी वळली नाही. "म्हशीले सांग. तिले जास्त लागलं."

अतिया खरंच म्हशीसमोर गेली, हात जोडले आणि म्हणाली, "माफ कर व बाई. तू नाही लिहिलं. कपिलनं लिहिलं." खुशीनं ओठ चावून हसू दाबलं, पण पेंडीचं घमेलं हलायला लागलं तेव्हा तिचं काही चाललं नाही. मग काच, चहा, बिस्कुट, दादीचा फ्रॉड, सगळं ऐकून तिनं घमेलं खालीच टाकलं.

"बाबानंही काच बसोली! मी म्हटलं होतं, फुकट काहून देते हा?" ती घरात धावली आणि बाबांचा, आईचा, काकांचा असे फोन गोळा करून आणले. "चाल. आपणही मारू. त्याले एक, तुले पाच. शाळेतल्या साऱ्या पोरींचे फोन घेऊ. उद्या दुपारपर्यंत त्याचा मुकुट खाली."

अतियाचे डोळे चमकले, खोटं कशाला सांगायचं. तिनं काकांचा फोन घेतला आणि काकांच्या नावानं भराभर लिहिलं. "वाच बरं, कसं झालं?"

खुशीनं वाचलं, "बेस्ट ॲप इन इंडिया. सुपर. आय लव्ह लाईन आली."



"हे तर त्याचंच आहे व," खुशी म्हणाली. "नुसतं नाव बदललं."

"अन् काकाले विचारलंही नाही आपण."

"काका म्हणन, हे लव्ह कोणं केलं?"

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की म्हैसही बघायला लागली. अतियानं लिहिलेलं पुसून टाकलं. "असं नाही. ज्यानं त्यानं आपलं आपलं लिहायचं. आधी प्रत्येकाले त्यानं काय लिहिलं ते वाचून दाखवू. बाजाराच्या दिवशी. अब्बाच्या दुकानासमोर."

"सगळ्यांसमोर? मोठ्यानं?" खुशीनं डोळे मोठे केले. "तू?"

"मी नाही तं कोण? सारं गाव माह्याच आवाजावर मोटर चालू करते!"

बाजाराच्या दिवशी रिजवानभाईंनी लोखंडी बाक रस्त्याला लावून दिलं. एवढंच म्हणाले, "शिव्या नको देऊ कोणाला. गिऱ्हाईक आहेत माझे." अतिया बाकावर उभी राहिली. तोंड उघडलं आणि क्षणभर जुनी हजेरीवाली अतिया घशात येऊन बसली. समोर वांग्यांचे ढीग, पिशव्या, टोप्या. खुशीनं खालून पायाला चिमटा काढला.

"लाईन आली होऽऽ!" अतिया ओरडली.

अर्धा बाजार वळला. दोघे तर चप्पल सावरून निघालेसुद्धा.

"लाईन नाही आली, मी आली! या इकडे. तुमच्या नावानं इंटरनेटवर काय लिहिलं आहे ते मी फुकटात वाचून दाखवते!"

पहिले बबनकाका आले. अतियानं त्यांचाच फोन त्यांच्यासमोर धरून आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत. "एकदम भंगार ॲप. टाईमाची बरबादी."

"मी लिहिलं?" बबनकाकांनी छातीवर हात ठेवला. "अरे बाप्पा! मले इंग्रजी येते?"

"येते. काच बसोल्यापासून," खुशी म्हणाली.

भुरीबाईंचं वाचलं. हंसाबाईंचं वाचलं, तर त्या म्हणाल्या, "माह्या जावयाले दाखव हे. तो म्हणते सासूबाई अडाणी!" मोहिउद्दीन चाचांनी तर पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आपण एवढं फाडफाड इंग्रजी लिहिलंय हे त्यांना थोडं आवडलंच होतं. गर्दी वाढली. "माहं वाच व." "आधी माहं." आणि प्रत्येकाचं तेच, शब्दाला शब्द. शेवटी लोकच आधी म्हणायला लागले, "वर्स्ट ॲप! वेस्ट ऑफ टाईम!" शाळेत पाढे म्हणतात तसं, सुरात.

मग अतियानं कुठं दाबायचं ते दाखवलं. "हे पुसा, अन् तुम्हाले वाटते ते लिहा. मराठीत लिहा, हिंदीत लिहा. तारे तुमच्या मनानं."

"पाच द्या, पाच!" खुशी मागून पुटपुटली.

"चूप. मनानं म्हटलं ना."

आणि लोकांनी मनानंच दिले! बबनकाकांनी तीन तारे दिले आणि खुशीकडून लिहवून घेतलं, "ॲप चांगलं आहे पण पोरगी लय जोरानं ओरडते, बैल बिचकतेत." हंसाबाईंनी चार दिले आणि खाली आपल्याकडं वांग्याची रोपं मिळतील असंही लिहिलं. मोहिउद्दीन चाचांनी पाच दिले, पण आधीचं इंग्रजी पुसू देईनात. सुग्राबी दादीनं चारच दिले. "एक काट ली. रोटी गोल नै करती." अतियाचा चेहरा प्रत्येक ताऱ्याला वर खाली होत होता, पण पोटात कसं हलकं हलकं वाटत होतं. बैल बिचकतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात गर्दी फाटली. कपिल. केसांना जेल, शर्टाच्या खिशात नवा फोन.

"काय तमाशा लावला? कोणं सांगतलं मी केलं म्हणून? लोकाईले नाही आवडत तुहं ॲप, तर त्याले मी काय करू?"

"माह्या दादीले इंग्रजी येते का, कपिलदादा?"

"शिकली असन!"

"अन् विमलताईनं बी एक तारा देल्ला. तुह्या मायनं. रोज बल्ब दाबते अन् एक तारा देते?"

कपिलनं जेलच्या केसांवरून हात फिरवला. "देल्ला तर देल्ला. तिले अक्कल आहे. बकवास ॲप आहे ते. टेक्नॉलॉजी नाही, काही नाही. आर्णीत कोणी शहाणा माणूस ते फोनात ठेवन तरी का..."

"लाईन आली होऽऽ!"

बाजारभर, एकाच वेळी, पिशव्यांतून, कमरांतून, वांग्यांच्या ढिगाखालून. "लाईन आली होऽऽ!" आणि सगळ्यात जोरात, सगळ्यात स्पष्ट, कपिलच्या शर्टाच्या खिशातून.

खिशातल्या फोनचा उजेड पातळ शर्टातून दिसत होता. बबनकाकांनी वाकून, अगदी आदरानं वाचलं, "बल्ब: विमलताई."

मग जे हसू उसळलं त्यानं भाजीवाल्याची ताडपत्री हलली म्हणतात. हसत हसतच माणसं पांगायला लागली, कारण लाईन आली होती आणि ती काही हसण्यासाठी थांबत नाही. भुरीबाईंनी जाता जाता कपिलला विचारलं, "काहून रे, तुह्या किंगची घंटी नाही वाजली?"

कपिलनं खिशावर हात दाबला. कान लाल झाले होते. "माह्याही शेतात हरभराच आहे ना," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "तो कागद काही कामाचा नाही." आणि गाडीला किक मारून तोही शेताकडंच निघाला. आई मोटारीशी एकटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतियानं दात घासायच्या आधी फोन उघडला. तारे पाच नव्हते. चारही पुरते नव्हते. पण प्रत्येक ताऱ्याखाली तिच्या ओळखीचा माणूस बोलत होता, ज्याच्या त्याच्या बोलीत. विमलताईंनी शेतातूनच लिहिलं होतं, "माझ्या पोराचे कान मी धरले आहेत. ॲप चांगलं आहे." तिकडं लाईन किंगचे तारे एक एक करून गळत होते, कारण ज्यांनी ते दिलेच नव्हते ते लोक ते काढून घेत होते.

आणि सगळ्यात वर एक नवा अभिप्राय होता. दोन तारे. नाव: कपिल.

"आवाज बंद करायची सोय नाही. चारचौघांत लाज जाते."

अतिया ब्रश तोंडात धरून एवढ्या जोरानं हसली, की फेस फोनवर उडाला. मग तिनं तो पुसला, पायरीवर बसली आणि शाळेची वेळ व्हायच्या आत ॲपमध्ये आवाजाचं एक बटण बसवायला घेतलं: मोठा, हळू, बंद. बैलांसाठी हळू. कपिलसाठी बंद. कारण तक्रार अगदी खरी होती.